हवालदारांची होडी

"पाहू नं, काय होते तं!"

कोणतंही काम हातात घेण्याआधी हवालदार हे म्हणायचे. म्हणताना कानावर अडकवलेला पेचकस, म्हणजे स्क्रू पिळायचं हत्यार, काढायचे आणि त्याच्या मुठीने समोरच्या वस्तूवर दोनदा टकटक करायचे. समोर मुका झालेला रेडिओ असेल, न चालणारं घड्याळ असेल, नाहीतर बायकोने पुढे ठेवलेलं भाकरीचं ताट असेल, टकटक ठरलेली. जणू आत कुणी आहे का, ते आधी विचारून घ्यायचं. त्यांच्या बायकोने एकदा मला हसत सांगितलं, "लग्नात अंतरपाट धरला तं त्याच्यावरबी टकटक केली असती यायनं, पेचकस नव्हता हाती म्हनून राहिलं."

असा एखादा माणूस तुमच्याही शेजारात होऊन गेला असेल. त्याच्या घरातून सतत काहीतरी ठोकल्याचा आवाज येतो, आणि आवाज थांबला की आपल्यालाच चुकल्यासारखं होतं. माझ्या वाट्याला आलेला असा माणूस म्हणजे हवालदार. पलटणीत ते वायरलेसवर होते. पेन्शन घेऊन गावी परतले आणि सडकेवर रेडिओ दुरुस्तीची टपरी टाकली. गावाने मात्र हुद्दा तेवढा ठेवला आणि नाव टाकून दिलं. मीही इथे हुद्दाच ठेवते.

साठ-एकसष्टच्या सुमाराला मी त्या गावात नर्स म्हणून लागले. गाव बाभुळगावपासून बसने फार लांब नव्हतं, पण पुसदच्या कोर्टातल्या कारकुनाच्या घरात वाढलेल्या मुलीला ते जगाच्या टोकाला वाटलं. दवाखान्याचं क्वार्टर गावाच्या कडेला होतं. एका भिंतीला गाव लागत होतं, दुसऱ्या भिंतीला बौद्धपुरा. पहिल्या दिवशी सामान लावत होते, तर पुऱ्याच्या बाजूने करवतीचा आवाज. डोकावून पाहिलं आणि दचकलेच. ओसरीच्या आढ्याला दोरीने एक सापळा टांगलेला होता. मधोमध कणा आणि दोन्ही अंगांना वाकलेल्या फासळ्या. उंची साधारण चार-पाच वर्षांच्या पोराएवढी. मी त्या कामातली असल्यामुळे मला आधी ती छातीच दिसली.

"भिऊ नका बाई," खालून आवाज आला. "लाकडाची हाय. होडी करून राह्यलो."

"एवढीशी होडी? बसणार कोण हिच्यात?"

"कोनीच नाई. बिनमानसाची हाय हे. मी काठावर उभा राहीन, अन् हे आपली जाईल अन् येईल."

मला वाटलं, पलटणीत डोक्याला मार लागला असावा.

मग हळूहळू कळलं. जबलपूरला असताना त्यांच्या एका साहेबाने अशीच होडी बनवली होती. रविवारी साहेब तलावाच्या काठी खुर्ची टाकून मांडीवर पेटी घेऊन बसायचा, आणि जड बॅटरी वाहून न्यायचं काम यांच्याकडे. पेटीवर एकच बटन. दाबलं की पाण्यातली होडी वळायची. "तार नाई, दोरी नाई, काईच नाई. हवेतून हुकूम जाये." हे सांगताना त्यांचा चेहरा लहान मुलासारखा व्हायचा. त्या पेटीला यांनी एकदाही हात लावला नव्हता; साहेबाने लावू दिला नव्हता. तेव्हाच मनात घेतलं होतं, घरी गेल्यावर आपली करायची.

आणि केली. कण्याला साग आणि फळ्यांना शिवणीचं हलकं लाकूड. फळी वाकवायची तर चुलीवर पाण्याचा हंडा उकळत ठेवायचा आणि वाफेवर ती तासन्‌तास धरून बसायचं. चूल अडून राहायची. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, चिडून म्हणायच्या, "आज का फळीची भाजी खाच्ची हाय का?" फटींमध्ये राळ आणि जवसाचं तेल. मागचा पंखा कापून केलेला पितळेचा, आणि तो दिसताच वहिनींना हरवलेल्या गडव्याचा, म्हणजे पितळी तांब्याचा, पत्ता लागला. माहेरचा गडवा होता तो. दोन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी हवालदारांनी तो पंखा त्यांच्या हातात दिला आणि बॅटरी जोडली. पंखा फिरला, वहिनींच्या तोंडावर वारं आलं आणि त्या हसल्या.

सुकाणू वळवायची त्यांची युक्ती मात्र मला कायम अस्वस्थ करायची. आत रबराचा एक पीळ घातलेला असे. बटन दाबलं की पिळाचा एक आटा सुटायचा आणि सुकाणू एका बाजूला वळायचं. पुन्हा दाबलं की दुसऱ्या बाजूला. एकदा डावं, एकदा उजवं. मागचं वळण कोणतं होतं ते विसरलात, तर पुढचं उलटं लागलंच समजा. "म्हंजे तुम्हाला पाहिजे तिकडे नाही जात ती?" मी विचारलं. "जाते नं," ते म्हणाले, "फक्त तिची बारी लक्षात ठेवा लागते."

होडी बैलांच्या पाण्याच्या हौदात पहिल्यांदा तरली तेव्हा सारा बौद्धपुरा जमला होता. ती गोल गोल फिरली, हौदाच्या भिंतीवर आपटली आणि एका बैलाने तिला चाटलं. लोक पोट धरून हसले. हवालदार म्हणाले, "हौद पुरत नाई तिले. तळं पायजे."

हसणं एकदम थांबलं.

हे का थांबलं ते सांगायला हवं. गावाला मोठं तळं होतं. वरच्या अंगाला दगडी घाट, तिथे गाव पाणी भरायचं. खालच्या अंगाला गुरं धुवायची. बौद्धपुऱ्याने दोन्हीकडे जायचं नाही; त्यांचं पाणी नाल्यातल्या झिऱ्याचं. वाळू उकरायची, पाणी पाझरण्याची वाट पाहायची आणि वाटीने घागर भरायची. कायदा झाला होता, पण तो बसने आमच्या गावापर्यंत आलेला नव्हता. त्यातच पुऱ्यातल्या लोकांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती आणि परत आल्यावर मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं होतं. गावाने तोंडाने फारसं काही म्हटलं नव्हतं. पण एखाद्या घरी गेल्यावर आतली बोलणी एकदम थांबतात ना, तसं ते गाव त्या पुऱ्याच्या बाबतीत थांबून राहिलेलं होतं.

मी बाळंतपणाला घरोघर जायची, म्हणून मला ते थांबणं ऐकू यायचं. पाटलांची सून अडली तेव्हा दिवसभर मी त्यांच्याकडे होते. बाळ सुखरूप झालं. हात धुवायला परसात आले, तर ओसरीवर पाटील कुणाशी तरी बोलत होते. आवाज अगदी शांत. पाटलांचा आवाज कधी चढायचाच नाही.

"तळ्यात होडी टाकनार म्हने तो," समोरचा म्हणाला.

"टाकू द्या नं," पाटील म्हणाले. "होडी हाय, बुडाचीच. होडीवाला सांभाळून राहो म्हनजे झालं."

मग मला पाहून म्हणाले, "बाई, नातवाचं तोंड गोड करून जा." आणि माझ्या हातावर पेढा ठेवला. त्या पेढ्याची चव मला कळली नाही.

मी जसंच्या तसं हवालदारांना सांगितलं. त्यांनी पेचकस काढला, होडीच्या पाठीवर टकटक केली आणि म्हणाले, "पाहू नं, काय होते तं!" वहिनी चुलीपाशी होत्या. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. फक्त फुंकणी खाली ठेवली.

दिवाळीच्या आगेमागे तळं काठोकाठ भरलेलं असताना, बाजाराच्या दिवशी, हवालदार होडी खांद्यावर घेऊन निघाले. इस्त्रीची खाकी पँट, पॉलिश केलेले बूट. तळ्याच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, सरकारी सडक जात होती, तिच्यावर ते उभे राहिले. सडक सगळ्यांची. तिथून दोरीने होडी खाली पाण्यात सोडली आणि पेटी गळ्यात अडकवली. बाजारातले लोक पिशव्यांसकट पाळीवर गोळा झाले.

होडी निघाली. खरं सांगते, ते फार सुंदर दिसत होतं. एवढ्या मोठ्या पाण्यावर ती एवढीशी पिवळी होडी, मागे पाण्याची बारीक रेघ, आणि लांब काठावर एक माणूस नुसता अंगठा हलवतोय. आसपासच्या गावांतले कोलाम, बंजारे बाजाराला आले होते, तेही तोंड उघडं टाकून पाहत होते. एक म्हातारी म्हणाली, "भानामती व माय!"

मधोमध गेल्यावर होडी परत वळायची होती. ती वळली ती उलटीकडे, आणि सरळ वरच्या घाटाकडे निघाली. बाया घागरी भरत होत्या. त्या किंचाळून पायऱ्या चढल्या. होडी हळूच येऊन शेवटच्या पायरीला लागली, जरा घासली, मग वळली आणि आली तशी परत गेली.

पाटलांचा एक माणूस पाळीवर धावत आला. "काहून बे! तळ्याच्या पान्याले हात लावतो?"

हवालदारांनी दोन्ही हात पुढे केले. "कुठं लावला बावा? पाह्य नं. कोरडे हायेत."

बाजार हसला. पाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हसला. परगावचे लोक, त्यांना काय त्याचं. पण गावचे जे होते ते हसले नाहीत, आणि घाटाच्या वर पाटील उभे होते तेही हसले नाहीत. मी त्यांच्याकडेच पाहत होते. ते हात पाठीमागे बांधून त्या शेवटच्या पायरीकडे बघत होते.

होडी मुद्दाम तिकडे नेली, की वळणाची बारी चुकली? मी नंतर हवालदारांना विचारलं. ते म्हणाले, "उजवं पायजे होतं, डावं लागलं." आणि लगेच दुसऱ्या कामाला लागले. मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर एकेक गोष्ट होत गेली. प्रत्येक लहानशीच, म्हणून कुणाकडे बोट दाखवता येत नव्हतं. टपरीवर गावातलं कुणी येईना. वाण्याने पुऱ्याला तेल-मीठ देताना हात आखडला. शेतांवर मजुरीला बोलावणं बंद झालं. चीनच्या लढाईचे दिवस होते, पोलीस ठाण्याचा जमादार आला आणि म्हणाला, "तुह्याकडे वायरलेस हाय. चीनशी बोलतो अशी तक्रार हाय."

"साहेब," हवालदार म्हणाले, "याचा आवाज तळ्याच्या पल्याड पोचत नाई. चीन तं लय लांब रायला."

तरी त्याने पेटी नेली. पुष्कळ दिवसांनी परत आणून दिली, तीही अवघडल्या चेहऱ्याने. "बटन दाबून पाह्यलं सायबानं. काईच झालं नाई."

"होडी इथं अन् पेटी तिथं, होईन काय?" हवालदार हसले. जमादारही हसला. पण जाताना तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, शेजारी हायत तुमचे. सांगा त्याईले, गाव सोडून जा म्हना थोडे दिवस. मी काई जास्त बोलत नाई." मी तसं सांगितलं. हवालदारांनी या वेळी पेचकसाला हात लावला नाही. "जाच्चं कुठं?" एवढंच म्हणाले.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी झिऱ्यात मेलेलं कुत्रं सापडलं. वाळू उकरून दुसरा झिरा केला, तर आठवड्याच्या आत त्यात डुकराची आतडी. मी पाण्यात टाकायची पूड वाटली, उकळून प्या म्हणून घरोघर सांगितलं. डॉक्टरांकडे गेले, तर ते म्हणाले, "आपण सरकारी माणसं, गावाच्या भांडणात पडू नये." पुऱ्यात हगवण सुरू झाली. हवालदारांच्या घरापलीकडची एक मुलगी, दोन वर्षांचीही नसेल, माझ्या मांडीवर गेली. तिची आई रडली नाही. ती उठली, हवालदारांच्या ओसरीत गेली आणि आढ्याला टांगलेल्या होडीखाली जाऊन उभी राहिली. नुसती वर बघत. हवालदार भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मान खाली घातली.

पुऱ्यातले म्हातारे पाटलांकडे गेले. पाटलांनी त्यांना आदराने ओट्याखाली बसवलं आणि शांतपणे सांगितलं, "माहं काई म्हननं नाई. त्यानं घाटावर यावं, सगळ्याईसमोर सोताच्या हातानं होडी फोडावी. झिरा गाव साफ करून देईल."

हवालदार म्हणाले, "फोडतो."

मी म्हटलं, "तुम्ही जाऊ नका. फोडायची तर इथे अंगणात फोडा आणि तुकडे पाठवून द्या."

"बाई, पोरगी गेली," ते म्हणाले. "लाकडाचं काय घेऊन बसल्या?"

वैशाखातली सकाळ होती. तळं निम्म्यावर उतरलं होतं. काठाने चिखलाचा रुंद पट्टा आणि त्यावर भेगा. घाटावर सगळं गाव. बाजूला, पायऱ्यांवर चढायचं नाही म्हणून पाळीवर उभा असलेला पुरा. आणि घाटाच्या दोन्ही अंगांना पाटलांचे गडी, हातात काठ्या. हवालदार होडी आणि कुऱ्हाड घेऊन आले. तीच इस्त्रीची पँट.

त्यांनी होडी खाली ठेवली आणि म्हणाले, "पाटील, एक डाव चालवू द्या. मंग फोडतो."

पाटील हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "चालव नं. आमीबी पाहू."

पुन्हा ती होडी पाण्यावर निघाली. यावेळी कुणी भानामती म्हणालं नाही. ती बरीच आत गेली. हवालदारांनी बटन दाबलं. होडी वळली नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा. पंखा थांबला होता. ती तळ्याच्या मधोमध जाऊन नुसती उभी राहिली.

"आता?" पाटील म्हणाले. "फोडशीन कशी? जाय, आन."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा माणूस कसा अडकला आहे. पाण्यात उतरला तर काठ्या तयार होत्या. नाही उतरला तर शब्द मोडला, झिरा तसाच राहणार. आणि तिसरी गोष्ट फक्त वहिनींना आणि मला ठाऊक होती. हवालदारांना पोहता येत नव्हतं. ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आलेला माणूस. पण पोहायला शिकणार कुठे? ज्या गावात जन्मले, त्या गावात त्यांना पाण्यात पाय कुणी घालू दिला होता?

त्यांनी बूट काढले. मोजे काढून बुटांत घातले. पेटी पायरीवर ठेवली. मग पायऱ्या उतरले आणि पाण्यात शिरले. काठ्या हलल्या नाहीत. पाटलांनी हाताने थांबवलं होतं.

गुडघे, कंबर, छाती. चिखलातून पाय उपसत ते चालले होते; प्रत्येक पावलाला खांदे वरखाली होत होते. पाणी गळ्यापर्यंत आलं. होडी अजून पुढेच होती. ते थांबले, एक हात लांब केला, आणखी एक पाऊल टाकलं आणि दिसेनासे झाले.

एकदा हात वर आला. परत गेला.

घाटावर पोहणारे कितीतरी जण होते. ज्यांनी त्या तळ्यात लहानपणापासून सूर मारले असे तरणे गडी. एकही हलला नाही. मी ओरडले, "अहो, बुडतोय तो माणूस! कुणीतरी जा!" माझ्या शेजारचा माणूस पाटलांकडे बघत राहिला. पाटील पाण्याकडे बघत होते.

आणि मग पाळीवरून वहिनी धावल्या. त्या सरळ पाण्यात घुसल्या. त्यांच्यामागे दुसरी बाई, तिच्यामागे दोन म्हातारे, मग सगळाच पुरा. पोहता कुणालाच येत नव्हतं. त्यांनी हात धरून साखळी केली. लुगड्याचे पदर एकमेकींच्या कमरेला बांधले आणि एकेक करत आत सरकत गेले. मेलेल्या मुलीची आई सगळ्यात उंच होती, तिला पुढे घातलं. पाणी तिच्या हनुवटीला लागलं तेव्हा तिने खाली हात घालून त्यांचा सदरा पकडला.

घाटाच्या पायऱ्यांवरच त्यांना पालथं घातलं. मी पाठीवर दाब देत राहिले. पाणी निघालं, चिखल निघाला, श्वास मात्र येईना. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. माझे दंड भरून आले होते. वहिनी त्यांच्या तळव्यांना हाताने घासत होत्या आणि एकच वाक्य म्हणत होत्या, "उठा नं जी. उठा नं जी." मग एकदम ते खोकले.

मी वर पाहिलं. पाटील पायऱ्या चढून निघाले होते, शिवी नाही की धमकी नाही. जाता जाता त्यांनी एकदा मागे वळून तळ्याकडे पाहिलं. एवढी माणसं उतरल्यामुळे ते पार गढूळ झालं होतं. गडी मागोमाग गेले. एवढ्या लोकांवर काठ्या चालवणं त्यांना जमलं नसतं. पण त्या पाठमोऱ्या चालण्याचीच मला जास्त भीती वाटली.

संध्याकाळी पुऱ्यात म्हातारे बसून काळजी करत होते, आता काय होईल, माफी मागू का. वहिनी आतून घागर घेऊन बाहेर आल्या. "पाय भिजले तं भिजले," त्या म्हणाल्या. "आता घागर कोरडी कायले ठेवता?" आणि तळ्याकडे चालू लागल्या. ह्याच वहिनी वर्षभर होडीच्या नावाने बोटं मोडत होत्या. त्यांच्या मागे एकेक करून सगळ्या बाया गेल्या. त्या दिवसापासून पुरा वरच्या घाटावर पाणी भरू लागला. कुणीतरी वरपर्यंत कळवलं, तहसीलदार येऊन गेले, काही दिवस एक शिपाईही घाटावर बसला. गाव बघत राहिलं.

होडी वाऱ्याने आपोआप खालच्या काठाला लागली होती. हवालदारांनी ती आणून उघडून पाहिली. बॅटरी पार उतरली होती आणि आतलं रबर उन्हाने कुजलं होतं. त्यांनी ते मला दाखवलं. बोटांत धरताच तुकडे झाले. ती परत आढ्याला टांगली, पण नवं रबर घातलं नाही. आता त्यांचं बोलणं कमी झालं होतं. कुणी सडकेने आलं की आधी मान वर करून कोण आहे ते पाहायचे. पाऊस झाला, तळं भरलं, पेरण्या उरकल्या. मी मनाशी म्हटलं, गाव विसरलं बहुतेक. मी तरुण होते. गाव काय विसरतं, काय नाही, मला माहीत नव्हतं.

श्रावणात एका दुपारी अनोळखी माणूस सायकलवर आला. नदीपलीकडच्या गावाचं नाव घेऊन म्हणाला, मालकाचा मोठा रेडिओ बंद पडलाय, आजच यावं लागेल. मी ओसरीतच होते, वहिनींच्या बोटाला पट्टी बांधत. वहिनी म्हणाल्या, "नका जाऊ. उद्या दोघं मिळून जा कोनाले घेऊन."

"किती दिवसानं काम आलं," हवालदार म्हणाले. "रेडिओवालाच रेडिओले भ्याला तं कसं होईन?"

त्या माणसाने मध्येच म्हटलं, "लवकर करा, आभाळ आलं हाय." त्याच्या सायकलच्या मागे रिकामं पोतं बांधलेलं होतं. ते माझ्या लक्षात का राहिलं, सांगता येत नाही. हवालदारांनी हत्यारांची पिशवी घेतली, आपली सायकल काढली आणि दोघं पाळीवरून गेले. पाळीच्या टोकाला गेल्यावर आधी तो माणूस दिसेनासा झाला, मग हे.

ते परत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पुऱ्यातले लोक पुलावरून नदीपलीकडे जाऊन आले. त्या गावात रेडिओ असलेलं एकही घर नव्हतं. असला माणूसही कुणी पाहिला नव्हता. नदीला पूर होता. सायकल मिळाली नाही, पिशवी मिळाली नाही, काहीच मिळालं नाही. जमादार आला, त्याने सगळ्यांना विचारलं, मलाही विचारलं. मी पोत्यापर्यंत सगळं सांगितलं. तो लिहिताना माझ्याकडे बघत नव्हता. जाताना पुरावा म्हणून होडी काढून घेऊन गेला. ती परत आली नाही. पाटलांकडे मला पुन्हा एकदा जावं लागलं, नातवाला ताप होता म्हणून. त्यांनी आपणहून विषय काढला. "लागला का हो शोध त्याचा? वाईट झालं," म्हणाले. अगदी हळू आवाजात.

पुढच्या हिवाळ्यात माझी पुसदच्या दवाखान्यात बदली झाली. वहिनी बसपर्यंत पोचवायला आल्या, पदरात तुरीच्या शेंगा घेऊन. कपाळावर कुंकू तसंच होतं, ते पुसायला कुणी सांगितलं की त्या म्हणत, "कायचं कायले पुसू? पाह्यलं का कोनी?" बस सुटायला झाली तेव्हा त्यांनी खिडकीतून माझा हात धरला.

"बाई, मोठ्या दवाखान्यात बिननावाचे मानसं आनतात म्हनते. सडकेवर पडलेले, सुद नसलेले."

"आणतात," मी म्हटलं.

"तोंड पाहत जा त्याईचं."

मी पुसदला नोकरी केली, पुढे यवतमाळला केली, निवृत्त झाले. वॉर्डात ओळख नसलेला माणूस आला की हातातलं काम ठेवून मी आधी त्याच्या खाटेपाशी जायची. काहींच्या चेहऱ्यावर पांघरूण असायचं. ते मी बाजूला करायची, पाहायची आणि पुन्हा घालायची.